‘नोटोरियस’ आजोबा आणि वहीतला तिसरा रकाना: आफ्रिकान्सच्या आधाराने वरच्या पातळीचे इंग्रजी शब्द कसे शिकावेत

शेजारच्या मुलाने शाळेच्या निबंधात लिहिलं होतं, ‘माझे आजोबा आमच्या भागातले नोटोरियस शेतकरी आहेत.’ आजोबा बिचारे देवभोळे, रविवार न चुकवता चर्चला जाणारे. शिक्षकांनी त्या वाक्याखाली लाल रेघ ओढून तीन उद्गारचिन्हं काढली होती. पोराने शब्द कुठल्याशा यादीतून उचलला होता. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे आफ्रिकान्स या दक्षिण आफ्रिकेतल्या भाषेतला अर्थ, आणि ‘नोटोरियस’समोर एकच शब्द: ‘बेकेंट’. म्हणजे लोकांना ठाऊक असलेला. आजोबा पंचक्रोशीत ठाऊक आहेतच, मग झाले नोटोरियस! त्याला हवा होता ‘फेमस’, आफ्रिकान्समध्ये ‘बेरूम्ट’. नोटोरियसचा नेमका जोड आहे ‘बेरख’, आपल्याकडचा ‘कुप्रसिद्ध’.

प्रिटोरियात राहायला येऊन मला बरीच वर्षं झाली. या मुलाच्या घरी आफ्रिकान्स बोलतात आणि इंग्रजी त्याची शाळेतली दुसरी भाषा. माझ्या लेकीचं नेमकं उलटं: घरात मराठी, शाळेत इंग्रजी, आणि दुसरी भाषा म्हणून आफ्रिकान्स. दर शुक्रवारी दोघं आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर एकच वही घेऊन बसतात. खाली लिहिलेली पद्धत त्या टेबलावर, बऱ्याच चुका करून, जमलेली आहे. दक्षिण आफ्रिकेत राहणाऱ्या मराठी घरांना ती थेट उपयोगी पडेल. तिथल्या मुलांना ऑनलाइन इंग्रजी शिकवणाऱ्या पुण्या-नाशिकच्या शिक्षकांनाही पडेल.

आधी थोडं लिपीबद्दल. आफ्रिकान्सचा ‘जी’ घशातून खरवडून येतो, म्हणून मी तिथे ‘ख’ लिहिते. स्पेलिंगमध्ये ‘व्ही’ दिसला तर उच्चार ‘फ’, ‘डब्ल्यू’ दिसला तर ‘व्ह’, आणि ‘जे’ दिसला तर ‘य’. शब्दाच्या शेवटचा ‘डी’ ‘ट’सारखा ऐकू येतो. देवनागरीत सगळं तंतोतंत उतरत नाही, तेव्हा स्पेलिंग कोशातूनच बघून वहीत लिहा.

आफ्रिकान्स का, सरळ मराठी अर्थ का नको?

दक्षिण आफ्रिकेत आज १२ अधिकृत भाषा आहेत. शेवटची भर २०२३ साली सांकेतिक भाषेची पडली. २०२२ च्या जनगणनेत घरी आफ्रिकान्स बोलणारे १०.६ टक्के निघाले आणि इंग्रजी बोलणारे ८.७ टक्के. म्हणजे घरच्या भाषांच्या हिशेबात इंग्रजी मागे आहे. तरी विद्यापीठं, कोर्ट आणि कंपन्या बहुतेक इंग्रजीतूनच चालतात. त्यामुळे बारावीच्या, तिथल्या भाषेत ‘मॅट्रिक’च्या, मुलाची गंमत अशी होते की बोलण्यातलं इंग्रजी झकास आणि उताऱ्यातलं इंग्रजी डोक्यावरून. टीव्ही, क्रिकेट आणि दुकानातून आलेल्या शब्दांवर गप्पा चालतात, पण ‘इन्फर’, ‘अ‍ॅम्बिग्युअस’, ‘रिलक्टन्स’ हे शब्द त्या वाटेने येत नाहीत.

इथे आफ्रिकान्सचा स्वभाव कामाला येतो. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि पुढची काही शतकं तिथे राज्यकर्त्यांची भाषा फ्रेंच राहिली. इंग्रजीने वरच्या थरातले शब्द फ्रेंच आणि लॅटिनमधून तयार उचलले, ते असे. गोठ्यातली ती ‘काउ’, ताटातलं ते ‘बीफ’; ‘शीप’चं ‘मटन’, ‘पिग’चं ‘पोर्क’. आफ्रिकान्स ही मूळ डच कुळातली. १६५२ साली यान फान रिबेक डच ईस्ट इंडिया कंपनीतर्फे केपला, म्हणजे आजच्या केपटाऊनपाशी, उतरला, त्यानंतर तिथे घडत गेलेली. ती नवा शब्द हवा असला की घरातलेच दोन शब्द जोडते. गुरं म्हणजे ‘बिअस’, त्यांचं मांस ‘बिअसफ्लेयस’. मेंढी ‘स्काप’, तिचं मांस ‘स्कापफ्लेयस’. आडपडदा नाही.

म्हणजे इंग्रजी शब्द हा बंद डबा असेल, तर आफ्रिकान्सचा शब्द बहुधा पारदर्शक बरणी असतो. आणि आपल्या मराठीतले संस्कृतातून आलेले शब्दही तसेच असतात. ‘पेनिन्सुला’ घ्या. लॅटिनमध्ये ‘पाइने’ म्हणजे जवळजवळ आणि ‘इन्सुला’ म्हणजे बेट. आफ्रिकान्समध्ये ‘स्कीरएयलांट’: ‘स्कीर’ म्हणजे जवळजवळ, ‘एयलांट’ म्हणजे बेट. आणि आपला ‘द्वीपकल्प’? संस्कृतात शब्दामागे ‘कल्प’ लागला की ‘जवळपास तसा, पण पुरता नव्हे’ असा अर्थ होतो. ‘मृतकल्प’ म्हणजे मेल्यातच जमा. तिन्ही भाषा एकच म्हणतायत: थोडक्यात राहिलं, नाहीतर बेटच झालं असतं. टेबल माउंटन ज्याच्यावर उभा आहे तो केप पेनिन्सुला लेकीने नकाशात शंभरदा पाहिला होता. शब्द मात्र त्या शुक्रवारी उलगडला.

शब्द निवडताना

पहिली चूक इथेच होते. ‘दहा भारी शब्द’ छापाच्या याद्यांमध्ये असे शब्द असतात जे आयुष्यात एकदाही वाचनात येत नाहीत. त्यापेक्षा पाया म्हणून ‘अ‍ॅकॅडेमिक वर्ड लिस्ट’ घ्या. न्यूझीलंडच्या अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी ती २००० साली प्रसिद्ध केली. तिच्यात ५७० शब्दकुटुंबं आहेत, रोजच्या वापरातले पहिले दोनेक हजार शब्द वगळून, पाठ्यपुस्तकं आणि अभ्यासलेखांत पुन्हापुन्हा येणारी. शब्द किती वारंवार येतात त्या क्रमाने तिचे १० भाग केले आहेत. पहिल्या नऊ भागांत प्रत्येकी ६० कुटुंबं, शेवटच्यात ३०. आठवड्याला १० घेतलीत तर साधारण वर्षभराचं काम. मुलं पहिल्या भागातले अर्धेअधिक शब्द ओळखतात असं वाटतं, पण वाक्य करायला सांगा, मग कळतं.

पण दहाही यादीतून घेऊ नका: सहा यादीतून घ्या आणि चार त्या आठवड्याच्या वाचनातून, मग यादीला दोनेक वर्षं लागली तरी चालतील. वाचनातला शब्द घेताना तो ज्या वाक्यात भेटला ते वाक्य जसंच्या तसं उतरवून घ्या. वाक्य नसेल तर तो शब्द वहीत घेऊच नका, हा आमच्याकडचा कडक नियम आहे. निबंधातल्या आजोबांची बेअब्रू याच नियमाअभावी झाली.

वहीतले चार रकाने

दोनशे पानी रेघांची वही, पान आडवं. पहिल्या रकान्यात इंग्रजी शब्द आणि तो ज्या वाक्यात भेटला ते वाक्य. दुसऱ्यात आफ्रिकान्स प्रतिशब्द, पण फोडून, मध्ये उभी रेघ मारून. तिसऱ्यात मराठी शब्द, तोही फोडून. चौथा सुरुवातीला कोरा. त्यात मुलाने स्वतः केलेलं इंग्रजी वाक्य येतं, तेही त्याच दिवशी नाही तर दोन दिवसांनी. शेजारच्या घरात तिसऱ्या रकान्याचा उपयोग नाही असं मला आधी वाटलं होतं. पण त्या मुलालाच तो आवडायला लागला. आता तो आम्हाला ‘महा’ आणि ‘सर्व’ यांचे अर्थ सांगतो.

‘मॅग्नॅनिमस’चं पान कसं दिसतं ते दाखवते. लॅटिन ‘माग्नुस’ म्हणजे मोठा, ‘अ‍ॅनिमुस’ म्हणजे मन. आफ्रिकान्स ‘ख्रुअट । मुडख’: ‘ख्रुअट’ मोठा, ‘मूट’ म्हणजे मन किंवा धीर. मराठी ‘महा । मना’, किंवा बोलताना ‘मोठ्या मनाचा’. तीनही शब्द एकाच साच्यातले. इथवर आलात की थांबू नका, त्याच पानावर कुटुंब मांडा, कारण या ‘मूट’चं खटलं मोठं आहे. ‘क्लेयनमुडख’, लहान मनाचा, म्हणजे इंग्रजी ‘प्युसिलॅनिमस’. लॅटिन ‘पुसिल्लुस’ म्हणजे अगदी चिमुकला. ‘हुअखमुडख’, उंच मनाचा, म्हणजे ‘हॉटी’, तोऱ्यातला. तो इंग्रजी शब्दसुद्धा जुन्या फ्रेंचमधल्या ‘उंच’ या अर्थाच्या शब्दावरून आला आहे. ‘लांकमुडख’, लांब मनाचा, म्हणजे ‘फॉरबेअरिंग’, सोसून घेणारा. ‘स्व्हारमुडख’, जड मनाचा, म्हणजे ‘मेलन्कलिक’. एका पानावर पाच अवघड शब्द, आणि पाठ करायचं काय? मोठा, लहान, उंच, लांब, जड.

पण याच पानावर एक खड्डाही आहे. ‘प्युसिलॅनिमस’ला लेकीने मराठीत लिहिलं ‘कोत्या मनाचा’. साचा जुळला, अर्थ हुकला. कोत्या मनाचा माणूस दुसऱ्याचं बरं बघू शकत नाही. प्युसिलॅनिमस माणूस घाबरट असतो, ऐनवेळी कच खातो. आजच्या आफ्रिकान्समध्ये ‘मूट’चा पहिला अर्थ ‘धीर’ आहे. कुणी खचला असेल तर ‘होउ मूट’ म्हणतात, धीर धर. त्यामुळे इथे आफ्रिकान्स शब्द मराठीपेक्षा जास्त जवळ नेतो. तिसऱ्या रकान्यात शेवटी आम्ही लिहिलं: ‘पाय लटपटणारा’.

उलटही होतं. ‘प्रोक्रॅस्टिनेट’ला आफ्रिकान्समध्ये ‘एयटस्टेल’, म्हणजे नुसतंच पुढे टाकणं. ‘फान एयटस्टेल कॉम आफस्टेल’ अशी त्यांची म्हणच आहे, पुढे ढकललेलं काम राहूनच जातं. पण लॅटिनमध्ये ‘क्रास’ म्हणजे उद्या. ‘उद्यावर ढकलणं’ हा आपला वाक्प्रचार त्या लॅटिनची हुबेहूब सावली आहे. अशा वेळी दुसरा रकाना एका शब्दात आटपायचा आणि तिसऱ्यावर भर द्यायचा.

माझा सगळ्यात आवडता ‘इफेमरल’. ग्रीकमध्ये मूळ अर्थ ‘एक दिवस टिकणारा’. आफ्रिकान्समध्ये ‘कॉर्टस्टॉन्डख’: ‘कॉर्ट’ म्हणजे आखूड, ‘स्टॉन्ट’ म्हणजे घटका. मराठीत ‘क्षणभंगुर’. ग्रीकांनी नाशवंताला दिवसभराची मुदत दिली, डचांनी घटकाभराची, आपण क्षणाची. हे टेबलावर सांगितलं तेव्हा शेजारच्या मुलाने विचारलं, ‘टानी, तुमच्याकडे सगळ्यांनाच एवढी घाई असते का?’

(‘टानी’ म्हणजे काकू. आफ्रिकान्स घरांत वयाने मोठ्या माणसाला ‘उअम’ किंवा ‘टानी’ म्हणतात, नात्यातला असो वा नसो, आणि शक्यतो ‘तू’ टाळून ‘टानी कॉफी घेणार का?’ असंच विचारतात. मराठी माणसाला हे समजवावं लागत नाही.)

आफ्रिकान्स शब्द उलटा शोधा

बहुतेक जण इंग्रजीकडून आफ्रिकान्सकडे जातात आणि तिथेच वही मिटतात. पुढची पायरी खरी महत्त्वाची. मिळालेला आफ्रिकान्स शब्द कोशाच्या दुसऱ्या अर्ध्या भागात शोधा आणि त्याच्यासमोर किती इंग्रजी शब्द दिलेत ते बघा. ‘फारोस’ प्रकाशनाचे दोन्ही बाजूंचे कोश यासाठी चांगले. आफ्रिकान्सचा आफ्रिकान्समध्येच अर्थ बघायचा असेल तर ‘हाट’, पहिली आवृत्ती १९६५ सालची. मोठ्या कामाला स्टेलनबॉशचा ‘व्हाट’ आहे. त्याचं काम १९२६ साली सुरू झालं. मोबाइलमधलं भाषांतराचं अ‍ॅप एकच उत्तर देऊन मोकळं होतं, म्हणून या पायरीला ते बिनकामाचं.

उदाहरण बघा. ‘कन्स्पिक्युअस’ला मिळालं ‘ऑपफालन्ट’. उलट शोधलं तर ‘ऑपफालन्ट’समोर रांग उभी: स्ट्रायकिंग, कन्स्पिक्युअस, नोटिसेबल, मार्क्ड. आफ्रिकान्सला एक शब्द पुरतो, इंग्रजीला चार लागतात. आता त्यांच्यातला फरक त्या मुलाला कसा सांगायचा? इथे मराठीने हात दिला. साडी, इमारत, चेहरा ‘डोळ्यात भरतो’, तो ‘स्ट्रायकिंग’. लग्नात चपला घालून गेलेला पाहुणा, किंवा फोटोत नेमका नसलेला भाऊ ‘डोळ्यावर येतो’, तो ‘कन्स्पिक्युअस’. आठवडाभराच्या औषधाने पडलेला फरक ‘जाणवतो’, तो ‘नोटिसेबल’. या रांगेतल्या प्रत्येक शब्दाबरोबर कोणते शब्द फिरतात तेही एका ओळीत लिहा: अ‍ॅब्सेन्स बहुधा कन्स्पिक्युअस असतो, ब्यूटी स्ट्रायकिंग, इम्प्रूव्हमेंट मार्क्ड किंवा नोटिसेबल. शब्दाची सोयरीक माहीत नसेल तर त्याचा अर्थ माहीत असून काही फायदा नाही.

कधीकधी गणित उलट असतं, इंग्रजीत एक आणि आफ्रिकान्समध्ये दोन. ‘कन्टेम्पररी’ म्हणजे आजच्या काळातलं, आणि कुणाच्या तरी काळातलंही. आफ्रिकान्स पहिल्याला ‘एयाटेयट्स’ म्हणते, स्वतःच्या काळातलं. दुसऱ्या अर्थी माणसाला ‘टेयटखनुअट’, काळाचा सोबती. उताऱ्यात ‘कन्टेम्पररी’ आला की मुलाला एवढंच विचारते, ‘यातला कोणता?’

शेपट्या आणि तोंडं

प्रत्ययांचं काम पटकन उरकतं, कारण ते जवळपास नियमाने चालतात. ‘-बार’ म्हणजे ‘-एबल’: ‘ऑनमिसबार’, ज्याच्यावाचून चालणार नाही असं, म्हणजे ‘इन्डिस्पेन्सेबल’. ‘-लुअस’ म्हणजे ‘-लेस’. ‘-हेयट’ म्हणजे ‘-नेस’ किंवा ‘-इटी’. ‘अल-’ म्हणजे ‘ऑम्नि-’, आपला ‘सर्व’: ‘अल्व्हिअटन्ट’, ऑम्निशंट, सर्वज्ञ, ‘अल्माख्टख’, ऑम्निपोटंट, सर्वशक्तिमान.

उपसर्ग मात्र फसवतात. आफ्रिकान्सला नकारासाठी बहुतेक ठिकाणी एकच ‘ऑन-’ पुरतो. इंग्रजीत त्याच जागी इम्पॉसिबल, इल्लीगल, इर्रेग्युलर, डिसऑनेस्ट, अनहॅपी असे पाच वेगवेगळे दरवाजे. म्हणून आफ्रिकान्स घरातली मुलं ‘अनलीगल’, ‘अनरेग्युलर’ असं लिहितात, आणि त्यांचं तर्कशास्त्र चोख असतं. त्यांना मी मराठीचं देते: अशक्य, बेकायदा, अनियमित, गैरहजर, नाखूश. ‘अकायदा’ का नाही, ‘बेशक्य’ का नाही, याचं उत्तर ‘कानाला बरं लागत नाही’ एवढंच. इंग्रजीतही या जोड्या कानानेच शिकाव्या लागतात. त्यामुळे नकारी शब्द वहीत कधी एकटा लिहू नका, त्याच्या होकारी जोडीदारासकट लिहा आणि मोठ्याने वाचा.

विज्ञान आणि वैद्यक: इथे फुकटात शब्द मिळतात

शाळेत विज्ञान असेल तर हा भाग सोडू नका. ‘ऑक्सिजन’चा ग्रीक अर्थ आंबटपणा, म्हणजे आम्ल, निर्माण करणारा, आफ्रिकान्समध्ये ‘स्यूरस्टॉफ’, आंबट पदार्थ. ‘हायड्रोजन’ म्हणजे ‘व्हाटरस्टॉफ’, पाण्याचा पदार्थ. ‘नायट्रोजन’ म्हणजे ‘स्टिकस्टॉफ’, गुदमरवणारा. ‘कार्निव्होर’ म्हणजे ‘फ्लेयसिअटर’, मांस खाणारा.

‘इन्फ्लेमेशन’ शिकवताना तर मला स्वतःलाच मजा आली. लॅटिनमध्ये ‘फ्लाम्मा’ म्हणजे ज्वाळा. आफ्रिकान्समध्ये ‘ऑन्टस्टिअकिंग’, पेटवणं. गाडीचं इग्निशनही ‘ऑन्टस्टिअकिंग’च. मराठीत ‘दाह’. तिघांनाही सुजलेल्या जागी आग दिसली. मग ‘न्युमोनिया’ म्हणजे ‘लॉंगऑन्टस्टिअकिंग’, फुफ्फुसाचा दाह, हे एकदा ऐकून पोरगा विसरणारच नाही. भूमितीतला ‘पर्पेन्डिक्युलर’ही असाच: लॅटिनमध्ये त्याच्या मुळाशी गवंड्याची वजन लावलेली दोरी आहे, आफ्रिकान्स म्हणते ‘लुअटरेख’, शिशासारखा सरळ, आणि आमच्या सांगलीच्या घराचं बांधकाम चालू असताना गवंडी जो टांगायचा तो ओळंबा.

सारखे दिसणारे, वेगळं बोलणारे

दोन्ही भाषा मुळात चुलतबहिणी, त्यामुळे तोंडवळा सारखा आणि स्वभाव भलता अशा जोड्या खूप. वहीच्या शेवटून त्यांचं वेगळं खातं उघडा. आफ्रिकान्स ‘स्लिम’ म्हणजे हुशार, बारीक नव्हे. ‘डापर’ म्हणजे शूर; इंग्रजी ‘डॅपर’ म्हणजे नीटनेटक्या कपड्यांतला. ‘फाब्रीक’ म्हणजे कारखाना. ‘रुअस्टर’ म्हणजे वेळापत्रक, कोंबडा नाही. ‘माखासेयन’ म्हणजे कोठार किंवा बंदुकीचं मॅगझिन. वाचायचं मासिक ते ‘टेयटस्क्रिफ’.

हे विनोदी झाले. खरे गुण घालवणारे दोन वेगळेच: ‘अक्टुइअल’ म्हणजे ‘अ‍ॅक्चुअल’ नाही, तर सध्या चर्चेत असलेला, ‘टॉपिकल’. आणि ‘कॉन्सेक्व्हेंट’ म्हणजे ‘कन्सिस्टंट’, बोलल्याप्रमाणे वागणारा. हे दोन्ही निबंधात हमखास येतात आणि वाक्य वरवर बरोबरच दिसतं.

त्याच खात्यात दुसरं पान ‘एकाचे दोन’साठी ठेवा. ‘लिअन’ म्हणजे उसनं घेणंही आणि उसनं देणंही, म्हणून ‘बॉरो मी युअर पेन’. ‘लिअर’ म्हणजे शिकणं आणि शिकवणं दोन्ही, म्हणून ‘ही लर्न्ड मी’. (‘लिअर’ म्हणजे शिडी आणि कातडंसुद्धा, पण ते राहू द्या.) ‘हिस्टोरिस’मध्ये ‘हिस्टॉरिक’ आणि ‘हिस्टॉरिकल’ दोन्ही मावतात, ‘एकोनोमिस’मध्ये ‘इकॉनॉमिक’ आणि ‘इकॉनॉमिकल’. मराठी मुलं इथे सुटतात, कारण शिकणं-शिकवणं आपल्याकडे वेगळं आहे. पण ‘ऐतिहासिक’वर तीही अडकतात. आमची खूण अशी: ऐतिहासिक कादंबरी ‘हिस्टॉरिकल’, ऐतिहासिक विजय ‘हिस्टॉरिक’.

चिठ्ठ्या, आणि आफ्रिकान्स कधी काढून टाकायचं

वही ही समजून घेण्यासाठी. लक्षात राहण्यासाठी चिठ्ठ्या. जर्मनीचे सेबास्टियन लाइटनर यांची १९७० च्या दशकातली डब्यांची पद्धत आजही पुरते. पाच डबे घ्या, आमच्याकडे रस्कचे रिकामे डबे आहेत. नवी चिठ्ठी पहिल्या डब्यात, तो रोज बघायचा. आली तर दुसऱ्यात, तो दोन दिवसांनी. मग चार, आठ, पंधरा दिवसांनी. चुकली की कुठल्याही डब्यातून परत पहिल्यात. मोबाइलवर हवं असेल तर ‘अंकी’ हेच काम करतं, पण दुसऱ्याने बनवलेले तयार संच उतरवून घेऊ नका. चिठ्ठी स्वतःच्या हाताने लिहिण्यातच निम्मं शिकणं होतं.

चिठ्ठीवर काय लिहायचं हे डब्याप्रमाणे बदलतं, आणि या पद्धतीत मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हेच. पहिल्या दोन डब्यांत पुढच्या बाजूला आफ्रिकान्स शब्द फोडून, मागे इंग्रजी. तिसऱ्या डब्यात चिठ्ठी गेली की पुढची बाजू खोडायची आणि तिथे गाळलेल्या जागेचं इंग्रजी वाक्य लिहायचं. आफ्रिकान्स गेलं, मराठीही गेलं. चौथ्या डब्यापासून पुढे फक्त एक प्रसंग: ‘मॅच हरलेल्या कॅप्टनने समोरच्या कॅप्टनच्या खेळाचं मनापासून कौतुक केलं, त्याला काय म्हणाल?’ आधार वेळेवर काढला नाही तर मूल आयुष्यभर डोक्यात भाषांतर करत बसतं, आणि परीक्षेत वेळ संपतो. शेजारच्या मुलाचं पहिलं वर्ष असंच गेलं; तेव्हा मला हे कळलेलं नव्हतं.

कुणापुढे आफ्रिकान्स काढायचं नाही

हे पुस्तकात लिहिलेलं नसतं. १९२५ साली आफ्रिकान्स अधिकृत भाषा झाली, आणि पुढे वर्णद्वेषी सरकारने कृष्णवर्णीय मुलांच्या शाळांत निम्मे विषय तिच्यातून शिकवायची सक्ती केली. १६ जून १९७६ ला जोहान्सबर्गजवळच्या सोवेटोतली मुलं त्याविरुद्ध रस्त्यावर उतरली आणि पोलिसांनी गोळ्या झाडल्या. म्हणून तुमच्या वर्गात झुलू किंवा सोथो घरातलं मूल असेल तर ‘आफ्रिकान्समध्ये याला काय म्हणतात?’ हा प्रश्न सहज विचारू नका. त्याच्या भाषेतला शब्द विचारा. दुसरीकडे, आफ्रिकान्स ही फक्त गोऱ्यांची भाषा असंही समजू नका. ती घरी बोलणाऱ्यांत गोरे नसलेलेच जास्त आहेत. केपटाऊनच्या रस्त्यांवरचं ‘काप्स’ आणि कोशातलं आफ्रिकान्स यांत सांगलीची बोली आणि पुस्तकी मराठीइतकं अंतर आहे. मुलाने घरचा शब्द सांगितला आणि तो कोशात नसला, तरी तो वहीत घ्या, कंसात ‘घरचा’ असं लिहून.

या भाषेत आपला वाटाही आहेच. केपला आणलेल्या गुलामांत बंगाल, कोरोमंडल आणि मलबारची माणसं होती, मलाय बेटांवरची होती. ‘खूप’ या अर्थाचा ‘बाया’ आणि केळ्याचा ‘पिसांग’ मलायमधून आले. ‘आचार’ तर आपण ओळखतोच. खाटेला ते ‘काटेल’ म्हणतात. तो पोर्तुगीजांमार्फत तमिळ ‘कट्टिल’वरून आला. कोकणातून गेलेल्या कोकणी मुसलमानांची केपटाऊनमधली वस्तीही जुनी आहे.

उलट दिशेने, आफ्रिकान्सने इंग्रजीला दिलेले शब्द वहीच्या सुरुवातीला लिहून ठेवा, मुलाला जोर येतो: ट्रेक, कमांडियर, स्पूर, आर्डवार्क, अपार्टहाइड. आणि एक ‘होलिझम’, आफ्रिकान्समधला नव्हे, ग्रीकवरून घडवलेला, पण आफ्रिकान्स घरातल्या माणसाचा. आज योगवर्गापासून वैद्यकापर्यंत सगळीकडे ‘होलिस्टिक’ म्हणतात. तो शब्द १९२६ साली यान स्मट्स यांनी घडवला, तेच जनरल स्मट्स ज्यांच्याशी गांधीजींनी ट्रान्सवालमध्ये वर्षानुवर्षं झुंज दिली आणि १९१२ च्या दौऱ्यात गोपाळ कृष्ण गोखले ज्यांना भेटले. केपच्या शेतकरी घरातल्या माणसाने इंग्रजीला हा शब्द दिला, हे शेजारच्या मुलाने शाळेत तोंडी परीक्षेत सांगितलं. आजोबांवरचा निबंधही त्याने पुन्हा लिहिला आहे, ‘रिनाउन्ड’ घालून. आजोबांना मात्र ‘नोटोरियस’चा अर्थ कळल्यापासून तोच शब्द आवडायला लागलाय, परवा कुंपणापाशी भेटले तेव्हा माझ्याशी हात मिळवून त्यांनी स्वतःची ओळख तशीच करून दिली.